'स्टे विथ मी' : लग्न संपल्यावर वाचलेली कादंबरी

सांजवेळ

कथानक उघड करूनच लिहिते आहे. ज्यांना ही कादंबरी कोरी वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

आयोबामी अडेबायो या नायजेरियन लेखिकेची 'स्टे विथ मी' ही पहिली कादंबरी. २०१७ साली आली आणि त्याच वर्षी बेलीज विमेन्स प्राइझच्या अंतिम यादीत होती. माझ्या हाती ती गेल्या पावसाळ्यात आली, वाचनालयातल्या बाईंनी परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून काढून दिली म्हणून. सुरुवातीची दोन-चार पानं वाचून मी ती मिटली आणि आठ दिवस हात लावला नाही. २००८ साल आहे. येजिदे नावाची बाई सामान बांधून बसली आहे. नवऱ्यापासून वेगळं होऊन बरीच वर्षं झाली आहेत. सासरे वारल्याचं कळलंय, अंत्यविधीला बोलावणं आलंय आणि ती निघाली आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. (घटस्फोट होऊनही 'माजी सासू' हे माझ्या तोंडात बसत नाही.) तेराव्याला ये, म्हणून नणंदेचा फोन आला होता. मी गेले नाही. येजिदे निघाली आणि मी निघाले नव्हते, या एका गोष्टीसाठी पुस्तक मिटलं, आणि त्याच गोष्टीसाठी पुन्हा उघडलं.

मुख्य गोष्ट सुरू होते १९८५ मध्ये, नैर्ऋत्य नायजेरियातल्या इलेशा गावात. येजिदे आणि अकिन विद्यापीठात असताना प्रेमात पडले. योरुबा समाजात दुसरी बायको करण्याची रीत असली तरी आपण ते करायचं नाही, असं दोघांत ठरलेलं. तिचं केस बांधायचं सलून, तो बँकेत. मूल मात्र होत नाही. एक दिवस घरातली वडीलधारी माणसं एका तरुण मुलीला घेऊन येतात आणि दिवाणखान्यात बसतात. ही फुन्मी, अकिनची दुसरी बायको. सगळं आधीच ठरून पार पडलेलं असतं आणि अकिनला ते ठाऊक असतं. येजिदेला ते आपल्याच घरात, पाहुण्यांसमोर कळतं.

मग ती कुणीतरी सांगितलेल्या चमत्काराच्या डोंगरावर जाते. तिथे एक प्रेषित म्हणवणारा माणूस आहे. एकही डाग नसलेली पांढरी बकरी आणायची अट आहे. ती बकरी ओढत डोंगर चढते. वर तिच्या हातात ती बकरी कापडात गुंडाळून देतात, गाणी, नाच, आणि एका क्षणी तिला त्या कापडात बाळ दिसतं. ती त्याला छातीशी लावते. खाली उतरते ती दिवस गेलेत या खात्रीने. पोट वाढतं, सगळी लक्षणं दिसतात. सोनोग्राफीत काही नाही.

हा प्रसंग वाचून कुणी हसेल, कुणी चिडेल. मला तसं काहीच झालं नाही. मी स्वतः तीन वर्षं सोळा सोमवार केले आहेत. वाराला एकवीरेच्या पायऱ्या अनवाणी चढले आहे. सासूबाईंनी सावंतवाडीहून लाकडी पाळणा आणून ठेवला होता, वीतभर लांबीचा, लाल-पिवळ्या लाखेचा. कूस उजवली की देवीला वाहायचा म्हणून. दर शुक्रवारी त्या तो फडक्याने पुसायच्या. त्या पाळण्यात मलाही कधी कधी काहीतरी दिसायचं. म्हणून येजिदेची बकरी मला समजते.

आता मुद्द्यावर येते. पुढे कळतं की अकिनला शरीरसंबंध जमतच नाही. त्याला हे पहिल्यापासून माहीत आहे. येजिदेला लग्नाआधीचा काही अनुभव नाही. जे चाललंय तेच सगळ्यांचं असतं, असं तिला त्याने भासवलं आणि तिने मानलं. ती डोंगर चढत होती तेव्हा हा खाली घरात बसून होता आणि त्याला ठाऊक होतं की हिचा काहीच दोष नाही. नंतर तो आपल्या धाकट्या भावाला, दोतुनला, गळ घालतो की तू तिच्याजवळ जा. मुलं होतात ती अशी.

आपल्याकडे दोन शब्द आहेत, श्रद्धा आणि विश्वास. देवावर श्रद्धा असते, माणसावर विश्वास. लोक या कादंबरीबद्दल बोलताना डोंगराबद्दल बोलतात, म्हणजे तिच्या श्रद्धेबद्दल. माझ्या मते येजिदेला डोंगराने फसवलं नाही. तिथे तिला एक दिवसाचा आनंद तरी मिळाला. तिचं वाटोळं झालं ते ज्या माणसावर तिने डोळे मिटून विश्वास टाकला त्याच्या गप्प बसण्याने.

माझं सांगते. लग्नानंतर पहिली चार वर्षं सगळ्या तपासण्या माझ्या. ट्यूब टेस्ट, दुर्बिणीतून तपासणी, महिन्याला चार-चार वेळा सोनोग्राफी. 'ह्यांची' तपासणी झाली का, असं डॉक्टर विचारायचे. "केली आहे, नॉर्मल आहे," असं हेच सांगायचे. कागद कधी कुणी मागितला नाही, मीही नाही. पाचव्या वर्षी आयव्हीएफ केंद्रात गेलो तेव्हा तिथल्या नियमाने करावीच लागली. शुक्राणूंची संख्या फारच कमी. रिपोर्ट त्यांच्या हातात होता आणि त्यावरची घडी ते अंगठ्याच्या नखाने पुन्हा पुन्हा दाबत होते. मला राग आला नाही तेव्हा. दया आली. घरी जाताना रिक्षात मीच म्हटलं, "आईंना सांगायला नको." आणि पुढची पाच वर्षं, तीन वेळा गर्भ ट्रान्स्फर होऊन तिन्ही वेळा बीटा, म्हणजे दिवस राहिल्याची रक्ततपासणी, शून्य आली तरी, घरात दोष माझाच राहिला. हळदीकुंकवाला ओटी भरताना माझ्या जागी वाटी पुढे सरकायची, तेव्हा सासूबाईंच्या मागे उभे राहून ते सगळं बघायचे.

अकराव्या वर्षी परस्पर संमतीने वेगळे झालो. अकिनला मी माफ करू शकले नाही. पण त्याच्या तोंडून आलेली प्रकरणं वाचताना दोनदा रडले, हेही खरं.

तुमच्यापैकी कुणी वाचली आहे का? त्याच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?

मृद्गंध

वाचली आहे, आणि तुमचा धागा वाचून पुन्हा काढली. माझा जीव अडकला तो नावात. कादंबरीत येजिदेच्या मुलीचं नाव 'रोतिमी'. या योरुबा नावाचा अर्थच 'माझ्याजवळ राहा'. कादंबरीचं नाव तिथून आलेलं. वारंवार मुलं दगावली की तेच मूल पुन्हा पुन्हा जन्म घेऊन पुन्हा पुन्हा जातं, अशी त्यांच्यात समजूत आहे. अशा मुलाला अबिकु म्हणतात. मग नावातूनच त्याला विनवायचं. 'मालोमो' म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस'. 'दुरोजाये' म्हणजे 'थांब, जगून घे'. 'कोसोको' म्हणजे 'आता कुदळ उरली नाही', पुरण्यासाठी लागते ती.

आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा, भिकू ही नावं कशी आली? तशीच. आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव असं ठेवायचं की मृत्यूने ढुंकून बघू नये. मुलाचं नाक टोचून नथ घालायची आणि नथू म्हणायचं, मुलगी समजून सोडून द्यावं म्हणून. माझ्या पणजोबांना जन्मतःच सुईणीला सव्वा रुपयाला विकून पुन्हा विकत घेतलं होतं. त्यांची आई त्यांना आयुष्यभर 'सुईणीचा' म्हणायची. योरुबा आई मुलाला विनवते, आपली आई मृत्यूला चकवते. भीती एकच.

आणि याच नावांची उलटी बाजूही आपल्याच घरात आहे. मुलगी पुरे झाली म्हणून 'नकुशा'. २०११ मध्ये साताऱ्यात अशा कितीतरी मुलींची नावं सरकारी पातळीवर बदलली गेली. एकीकडे राहा म्हणून नाव, एकीकडे नको म्हणून.

सह्याद्रीवेडा

मला कादंबरी पटली नाही, स्पष्टच लिहितो. अर्ध्यापर्यंत उत्तम. नंतर लेखिकेने एकावर एक एवढे आघात रचलेत की श्वास घ्यायला जागा नाही. फुन्मीचा जिन्यावरून पडून मृत्यू, बाळ जातं, दुसरं जातं, त्यात नायजेरियातला १९८५ चा बाबांगिडांचा लष्करी सत्तापालट, १९९३ ची रद्द झालेली निवडणूक. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विद्यापीठात शिकलेल्या, स्वतःचा धंदा चालवणाऱ्या बाईला इतकी वर्षं नवऱ्याचं कळत नाही? लेखिकेने सोयीसाठी केलेलं वाटतं.

तपासणीखोली

सह्याद्रीवेडा, शेवटच्या मुद्द्यावर लिहिते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाशिक जिल्ह्यात. 'मूल होत नाही' म्हणून सासूने आणलेल्या मुली तपासताना संबंध कधी पूर्ण झालेलाच नाही असं लक्षात येणं, हे मला नवं राहिलेलं नाही. त्यात पदवीधर असतात, शिक्षिका असतात, एकदा एक नर्स होती. प्रत्येकीला वाटत असतं की असंच असतं. विचारणार कुणाला? आईला? मैत्रिणीला? आणि नवरा सांगतो तेच खरं धरायचं, हे शिक्षणाने आपोआप जात नाही. येजिदेला जन्मतःच आई नाही आणि सावत्र आयांमध्ये ती वाढली आहे, हे लक्षात घ्या. तिला सांगणारं कुणीच नव्हतं.

डोंगरानंतरचा जो भाग आहे, तोही वैद्यकीयदृष्ट्या खरा आहे. छद्मगर्भधारणा. पाळी बंद होते, पोट वाढतं, दूधसुद्धा येऊ शकतं. पूर्वी जास्त दिसायची, सोनोग्राफी आल्यावर कमी झाली. अशा बाईला स्क्रीनवर रिकामं गर्भाशय दाखवणं हे माझ्या कामातलं फार अवघड काम. बाई खोटं बोलत नसते. मूल गेल्यासारखंच दुःख तिला होतं, आणि बाकीचे तिला वेडी म्हणून मोकळे होतात.

एक आठवलं म्हणून. कादंबरी १९८५ मध्ये सुरू होते. पुढच्याच वर्षी, ६ ऑगस्ट १९८६ ला, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवलं होतं आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एवढी वर्षं झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे दर सहा माणसांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. वीर्यतपासणी ही सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, सुई न टोचता होणारी तपासणी. तरी माझ्याकडे येणारी बाई आधी तिची ट्यूब टेस्ट करून आलेली असते.

सांजवेळ, कागद मागायला हवा होता तो तुमच्या डॉक्टरांनी. तुम्ही नाही.

जुनी_पेटी

फुन्मीला दिवाणखान्यात आणून बसवतात ते वाचून मला माझ्या दोन आज्या आठवल्या.

आजोबांचं पहिलं लग्न झालं ते थोरल्या आजीशी. नऊ वर्षं मूल नाही. तेव्हा मुंबई प्रांतात द्विभार्या प्रतिबंधक कायदा यायचा होता, तो आला १९४६ ला. थोरलीने स्वतः जाऊन आपल्या चुलतबहिणीला मागणी घातली. घरात कायम सांगायचे की बघा, थोरलीचं मन केवढं मोठं. मी लहानपणी तेच ऐकत आले. परकी सवत आली असती तर तिला परसात झोपावं लागलं असतं, बहीण आली तर निदान स्वयंपाकघर राहील, हा हिशोब मला फार उशिरा कळला.

धाकटीला माझे वडील झाले. बाराव्या दिवशी बाळ थोरलीच्या मांडीवर दिलं आणि ते तिचंच झालं. वडील थोरलीला 'आई' म्हणायचे, आणि ज्यांनी जन्म दिला त्यांना 'बाई'. मरेपर्यंत. बाई गेल्या तेव्हा वडील साठीचे होते. पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. वडील खूप वेळ गप्प उभे होते आणि मग "आई" एवढंच म्हणाले. आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

फुन्मीबद्दल कादंबरीत फार थोडं आहे, तीच मला खुपलेली गोष्ट. तीसुद्धा फसवलीच गेली होती. तिलाही मूल होणार नव्हतं, आणि हे अकिनला लग्नाच्या दिवशी माहीत होतं. एकीच्या नावावरचा डाग झाकायला त्याने दुसरी आणू दिली.

सांजवेळ

जुनी_पेटी, तुमचं वाचून कितीतरी वेळ काही लिहिता आलं नाही. फुन्मीबद्दल तुमचं बरोबर आहे. मी इतकी येजिदेच्या बाजूला उभी होते की मलाही ती सवतच दिसली.

येजिदेच्या सलूनशेजारी सलून असलेली 'इया बोलू' आठवते का? इया म्हणजे आई. इया बोलू म्हणजे बोलूची आई. तिथे बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात. आमच्या गावी अजून 'बाळूची आय', 'संज्याची आय' चालतं. मूल नसलेल्या बाईला हाक मारायलाच नाव नाही. मला वाड्यात 'मधल्या खोलीतली' म्हणायचे.

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. पुस्तक मला माहीत नव्हतं, मैत्रिणीकडून मागवून वाचलं, म्हणून उशीर. मैत्रिणीकडून मागवून वाचलं, म्हणून उशीर.

आमच्याकडे गोंड, माडिया, परधान यांच्यात, तिकडे नंदुरबारला भिल्ल-पावरांमध्ये हा आजार घरोघरी आहे. आम्ही आधी सोल्युबिलिटी चाचणी करतो. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर एएस (वाहक) किंवा एसएस (प्रत्यक्ष आजार), मग नक्की कोणतं ते ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या तपासणीला पाठवायचं. आईच्या डोळ्यांसमोर नळी धरलेली असते आणि तिला कळतं, मी काही बोलायच्या आत. ती रेघा शोधत राहते.

आई-वडील दोघेही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता एसएसची. तो दोष एकट्या आईचा कधीच नसतो, दोघांकडून यावा लागतो. तरी पहिलं मूल गेलं की बाईची पावलं वाईट, दुसरं गेलं की ती पांढऱ्या पायाची. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवायचं ठरलं आहे. तपासणी वाढली आहे, हे मी रोज बघते. पण नायजेरियात आता लग्न ठरवताना तुझा गट एए (निर्दोष) की एएस, हे सर्रास विचारतात. आमच्याकडे पत्रिका अजून आधी येते.

अबिकुची गोष्ट वाचताना मनात येत होतं की त्यांच्या पूर्वजांनी हा आजार पाहिला होता, फक्त नाव वेगळं दिलं. एकाच घरात एकामागून एक मुलं जातात, हे त्यांनी नीट टिपलं होतं.

सह्याद्रीवेडा

काल रात्री पुन्हा सगळा धागा वाचला. मी वर जे लिहिलं त्यामागे एक कारण होतं, ते लिहीत नव्हतो.

माझा रिपोर्ट शून्य आला होता. अ‍ॅझोस्पर्मिया, म्हणजे वीर्यात शुक्राणूच नाहीत. प्रयोगशाळेतल्या मुलीने पाकीट देताना माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढ्यावरून कळलं. गाडी पार्किंगमध्ये उभी होती, मी चाळीस मिनिटं तिच्यात बसलो. बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. पण आईला सांगितलं ते चौदा महिन्यांनी. त्या चौदा महिन्यांत आई बायकोला तीन ठिकाणी घेऊन गेली. एका ठिकाणी तिला कसलातरी पाला वाटून दिला, दोन दिवस उलट्या झाल्या. मी ऑफिसला गेलो. मला माहीत होतं, आणि मी ऑफिसला गेलो.

म्हणून अकिन मला खोटा वाटावा अशी माझी गरज होती. तो खोटा नाही.

सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. ती पोळी संपवली, तव्यावर टाकली, आणि मग माझ्या बायकोला म्हणाली, "तू का गं नाही बोललीस?" बायको म्हणाली, "त्यांनी सांगायचं होतं."

आम्ही आता एका मुलीचे आई-बाबा आहोत, दत्तक. चार वर्षांची आहे. लग्न टिकलं ते माझ्यामुळे नाही.

सांजवेळ

सह्याद्रीवेडा, तुम्ही हे लिहिलंत. आमच्याकडे ते चौदा महिने संपलेच नाहीत.

आणि तुमच्या बायकोचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. "त्यांनी सांगायचं होतं." मी रिक्षात म्हटलं होतं, सांगायला नको. मला तेव्हा ते प्रेम वाटलं होतं. आजही प्रेमच वाटतं. पण त्यातून त्यांना गप्प राहायची परवानगी मी दिली आणि सासूबाई जाईपर्यंत दर शुक्रवारी तो पाळणा पुसत राहिल्या. त्यांचाही विश्वास होता, मुलावर. त्यांनाही कुणी सांगितलं नाही. तेराव्याला मी गेले नाही ते रागाने, असं मला वाटायचं. त्यांच्या फोटोसमोर उभं राहायचं धाडस नव्हतं, हे पुस्तक वाचताना कळलं.

तगर

सगळ्यांचं वाचते आहे. एक विचारू का? माझी धाकटी बहीण आयव्हीएफच्या दुसऱ्या सायकलमध्ये आहे, पुढच्या आठवड्यात ट्रान्स्फर. तिला वाचनाची आवड आहे. तिच्यासाठी हे पुस्तक घेऊ का? तिला वाटेल की कुणीतरी समजून लिहिलंय.

तपासणीखोली

आत्ता नको. ट्रान्स्फरनंतर निकाल येईपर्यंतच्या त्या दोन आठवड्यांत तिला बाळाच्या मृत्यूची पानं वाचायला लावू नका. तिच्याबरोबर बसून एखादा सिनेमा बघा, आवडीचं काही रांधून घेऊन जा.

सांजवेळ

तगर, ताईंचं ऐका, बहिणीला आत्ता देऊ नका. पण पुस्तक घ्या. भाऊजींना द्या. सगळं वाचायचा आग्रह करू नका. अकिन जिथे बोलतो तीच प्रकरणं खूण घालून द्या. आणि त्यांच्या तपासणीचा कागद बहिणीच्या फाइलमध्ये लावलेला आहे ना, एवढं तिला सहज विचारा.